हंड्यात कोंडलेली दिवाळी

एका राज्यात दिवाळी यायची, पण कुणाच्या घरात शिरायची नाही.

लोक आपले सगळं करत. ऐका, काही म्हणता काही सोडत नसत. घरं सारवत, दारात रांगोळी काढत, उटणं कुटत. बायका करंज्यांना मुरड घालत, कढईत चकल्या सोडत. पहाटे उठून अंगाला तेल लावत, न्हाऊन कारीट फोडत, ओट्यावर पणत्यांची ओळ मांडत. पण पणती लावणाऱ्याचा चेहरा उजेडातही तसाच दिसे, जसा अंधारात असावा. करंजी खाल्ली की पोट भरे, एवढंच. मुलं नवे कपडे घालून भिंतीला टेकून बसत आणि हे काढायचे केव्हा, म्हणून आईला विचारत.

म्हातारी माणसं म्हणत, "पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सण आला की छातीत काहीतरी होत असे."

तरुण विचारत, "काय होत असे?"

म्हातारे आठवून पाहत. शब्द आठवे, त्या शब्दात काय होतं ते आठवत नसे.  तरुण म्हणत, "यांना आपलं तरुणपण आठवतं, दिवाळी नव्हे."

हा वाद एकदा दरबारातही गेला. प्रधान म्हणाला, "महाराज, सण होता तेवढाच आहे. माणसाचं वय वाढतं तशी त्याची चव जाते." सिंहासनावर राजा भद्रसेन बसला होता. त्याने प्रधानाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. "तसंच असेल," तो म्हणाला आणि उठून गेला. या विषयावर राजा कधी दोन वाक्यं बोलला नाही.

राजाला एक मुलगी होती, कुंतला. तिची आई, राणी वनमाला, तापाने गेली असं तिला सांगितलेलं होतं. कुंतला जाणती झाली, घोड्यावर बसायला शिकली, राजसभेत बसू लागली. तिला या वादाचं नवल वाटे. जे कधी चाखलंच नाही ते कमी झालं की नाही, हे तिने कसं सांगावं?

नरक चतुर्दशीच्या पहाटे राजकन्येने दिव्याचं ताट घेऊन नगरातून फिरावं, अशी तिथली रीत होती. त्या वर्षी कुंतला कोष्ट्यांच्या आळीत आली. एका अंगणात पाट मांडला होता. पाटावर एक म्हातारा बसला होता आणि त्याचा थोरला मुलगा त्याच्या टाळूवर तेल जिरवत होता. म्हाताऱ्याने एकदा वर पाहिलं, एक लांब श्वास घेतला आणि तो बाजूला कलंडला. मुलाने त्याच्या नाकाशी हात धरला. मग दोघा भावांनी त्याला उचलून भिंतीकडेला ठेवलं, आणि धाकटा त्याच पाटावर येऊन बसला.

कुंतला दारात थांबली. "हे कोण?"

"आमचे वडील."

"काय झालं त्यांना?"

"आत्ताच गेले, बाईसाहेब."

"मग?"

थोरल्याला प्रश्न कळला नाही. त्याच्या हातांवरून तेल ओघळत होतं. "मग आंघोळी उरकल्या की नेऊ," तो म्हणाला. "पाणी निवतंय."

आत सून लाडू वाटत होती. कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कुंतलेलाही दुःख झालं नाही, कारण दुःख काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं. पण तिला भीती वाटली. भीती त्या राज्यात शिल्लक होती. भीती, राग, भूक आणि थकवा एवढं तिथे अजून होतं. तिने हातातलं ताट दारातच खाली ठेवलं.

ती तशीच राजाकडे गेली.

"महाराज, मी मेले तर तुम्ही रडाल का?"

 "माझ्या राज्यात कुणी रडत नाही," तो म्हणाला. "याहून मोठं सुख कोणत्या राजाने आपल्या प्रजेला दिलं?"

"आणि हसतं कोण?"

"कुंतले, जा."

ती गेली, पण आपल्या महालात गेली नाही. राजवाड्याच्या मागच्या अंगाला तिची दाई सगुणा राहत असे. सगुणा आता फार थकली होती. कुंतलेने आळीत पाहिलेलं तिला सांगितलं. सगुणेने दार लावून घेतलं.

"तुला एक भाऊ होता, बाळ," ती म्हणाली. "अंशुमान त्याचं नाव. तू पाळण्यात होतीस तेव्हा तो एवढा होता." तिने कमरेशी हात धरला. "दिवाळीच्या पहाटे आकाशकंदील टांगायला म्हणून तो बुरुजावर चढला आणि खाली पडला. महाराज धावले. त्याला उचलून, छातीशी धरून ते रस्त्याने राजवाड्याकडे निघाले. अजून उजाडायचं होतं. लोकांना काय ठाऊक! सगळीकडे हसणं, ओरडणं, दिवे. कुणी म्हणालं, महाराज राजपुत्राला झोपेतून उचलून दिवाळी दाखवायला आणताहेत. एका माणसाने पुढे होऊन महाराजांच्या हातावर लाडू ठेवला. तोंड गोड करा, म्हणाला."

 सगुणेने हे सगळं जात्यावर दळण दळावं तशा आवाजात सांगितलं होतं.

"त्यानंतर महाराज एकटेच कुठेतरी गेले आणि परत आले. ते आले आणि नगरात कुणी हसेना, कुणी रडेना. तुझी आई तेव्हा तुला माझ्यापाशी ठेवून माहेरी गेली होती. ती परतली. मुलगा गेल्याचं तिला वाटेतच कळलं होतं. ती एकटी रडत होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाहत उभे होतो. ती तापाने गेली नाही, कुंतले. तुला माझ्याकडेच ठेवलं आणि चालत गेली."

"कुठे?"

"दर दिवाळीला एक टिटवी राजवाड्यावर ओरडत फिरते. महाराज तिच्यावर बाण सोडायला लावतात. तिला विचार."

नदीच्या वाळूत कुंतलेला टिटवी सापडली. त्या काळी काही पक्षी माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत. टिटवी लांब पायांवर इकडून तिकडे धावत होती. तिच्या एका पंखात बाणाचा जुना वण होता.

"आमची दिवाळी कुठे गेली?" कुंतलेने विचारलं.

"गेली नाही, दिली," टिटवी म्हणाली. "करालक मांत्रिकाच्या गुहेत ती तांब्याच्या हंड्यात आहे. आणायची असेल तर तीन गोष्टी कर. धुक्याची नदी ओलांड. दगडांच्या माळावर हंड्याची किल्ली आहे, ती घे. आणि हंडा कडेवर घेऊन घरी आण. वाटेत तो जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की जमीन त्याला गिळून टाकील."

"तू मला वाट दाखवशील?"

"दाखवीन. त्या माळावर माझी अंडी दगड होऊन पडली आहेत. ती खड्यांसारखीच दिसतात. पाय जपून टाक, एवढंच मागते."

टिटवी पुढे आणि कुंतला मागे, अशा त्या निघाल्या. शेतं संपली, कुरणं संपली, वाटही संपली. मग धुक्याची नदी लागली. तिला पाणी नव्हतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरं धुकं वाहत होतं आणि त्याचा आवाज पाण्यासारखा होता.

"कोण जातं?" नदीने विचारलं.

"राजा भद्रसेनाची मुलगी."

"माझ्यातून जाणारा आपला एक आनंदाचा दिवस मला देतो आणि मग तो दिवस त्याला पुन्हा आठवत नाही. दे."

"माझ्याकडे नाही."

"सगळे तेच म्हणतात," नदी म्हणाली, आणि धुकं कुंतलेच्या डोळ्यांतून, कानांतून आत शिरलं. तिच्या सगळ्या वर्षांतून ते फिरलं. तिचे वाढदिवस, जत्रा, नवी वस्त्रं, घोड्याची पहिली दौड, सारं त्याने उलटून पाहिलं आणि रिकाम्या हातांनी बाहेर आलं.

"खरंच नाही," नदी म्हणाली. एवढी जुनी नदी, पण ती ओशाळली. धुकं दोन बाजूंना सरलं आणि कुंतला कोरड्या पायांनी पार गेली.

पुढे दगडांचा माळ होता. लांबून वाटे, कुणी शेतात बुजगावणी उभी केली आहेत. जवळ गेल्यावर दिसलं, ती माणसं होती. दगडाची माणसं. कुणी म्हातारा काठी टेकून, कुणी बाई पदर सावरून, कुणी तरुण धावता धावता उभा. एकजात सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या.

"तुझ्यासारखीच निघाली होती ही," टिटवी म्हणाली. "दूरदूरच्या गावांची. करालकाकडे काही एकाच राज्यातली माणसं जात नाहीत. या माळावर प्रत्येकाला आपलं गेलेलं माणूस हाक मारतं. जो वळून पाहतो तो इथेच उरतो."

कुंतला चालू लागली. एकेक पाऊल खडे निरखून टाकत ती गेली. माळाच्या मध्यावर मागून एका लहान मुलाचा आवाज आला.

"कुंतले! ए कुंतले! मला खाली उतरव ना गं!"

तो अंशुमान होता. कुंतलेने ओळखलं. तिने आवाज ऐकला, जसा वाऱ्याचा ऐकावा, आणि ती पुढे चालत राहिली. तिला वळावंसं वाटलंच नाही.

माळाच्या पलीकडच्या टोकाला एक दगडाची स्त्री उभी होती. तिची पावलं गुहेकडे नव्हती, घराकडे होती. ती परत निघाली होती. मान तेवढी मागे वळलेली. उजवी मूठ मिटलेली, आणि मुठीतून लोखंडी किल्लीचं टोक बाहेर आलेलं.

"ही गुहेपर्यंत जाऊन परत फिरली," टिटवी म्हणाली. "करालकाकडून किल्ली मिळवून आली. हंडा राजाच्याच हाताने उघडतो, म्हणून आधी राजाला आणायला निघाली होती. जाताना हिने कानांत बोळे घातले होते. येताना मुलाची हाक एकदा तरी ऐकावी म्हणून हिने स्वतःच ते काढून टाकले."

"ही माझी आई आहे."

"हो."

कुंतलेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा आपल्यासारखाच आहे, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने किल्ली ओढून पाहिली. किल्ली निघेना. मूठ घट्ट होती.

"बोटं मोडावी लागतील," ती म्हणाली.



कुंतलेने एक दगड उचलला, तो अंडं नाही याची खात्री केली, आणि आईच्या बोटांवर घातला. तर्जनी तुटली, मग मधलं बोट, मग अनामिका. करंगळी आधीचीच वाकडी होती, ती सर्वांत शेवटी तुटली. कुंतलेने किल्ली कमरेला लावली. तुटलेली बोटं तिने ओच्यात बांधून घेतली, कारण ती तिथे टाकून जाणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं. 

करालकाच्या गुहेला दार नव्हतं. आत तांब्याचा हंडा होता आणि हंड्याला टेकून करालक बसला होता. तो हसत होता. ओठ मागे ओढलेले, सगळे दात उघडे, गालांची कातडी ताणून फाटायला आलेली. तो बोलला तरी ते हसू हललं नाही.

"ये, राजकन्ये. फार वर्षांनी कुणीतरी इथवर पोचलं."

"आमचं चोरलेलं दे."

"मी चोर नाही. तुझा बाप इथे आला होता. हातावर लाडूचा चुरा तसाच होता. म्हणाला, माझं दुःख काढून घे. मी म्हटलं, दुःख एकटं निघत नाही, राजा. त्याच मुळाला आनंद आहे, दोन्ही उपटून येतील. म्हणाला, येऊ देत. आणि एकट्या माझं नको, सगळ्या नगराचं घे. माझ्यासमोर कुणी हसलेलं मला बघवणार नाही. मी घेतलं. त्याने आपल्या हाताने झाकण लावलं. ते झाकण त्याच्याच हाताने उघडेल, आणि उघडणाऱ्यावर सारं दुःख आधी कोसळेल."

"मी हंडा नेते."

"ने. पण थांब. तू जन्मात काही चाखलेलं नाहीस ना? फटीतून मला वरचं वर काढता येतं. नुसता आनंद. दुःखाचा थेंब नाही. एक घोट घे आणि मग जा."

कुंतलेने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तू किती प्यालास?"

"रोज."

"कुणाबरोबर?"

 करालकाचे डोळे मोठे झाले आणि त्या ताणलेल्या हसण्याच्या वर ते डोळे एखाद्या कोंडलेल्या जनावरासारखे भिरभिरले. "मला हे तोंड मिटता येत नाही," तो हळूच म्हणाला. "झोपेतही नाही."

कुंतला पुढे झाली. तिने हंडा उचलला आणि लहान मूल घ्यावं तसा कडेवर घेतला. करालक उठला नाही. ती गुहेबाहेर पडली तेव्हा मागे काहीतरी कोरडं कोसळल्याचा आवाज आला. टिटवीने वळून पाहिलं. तिथे राखेचा ढीग होता आणि त्यात दात होते.

हंडा आधी हलका होता. मग तो मुलाएवढा जड झाला, मग माणसाएवढा. तांबं तापू लागलं. कुंतलेच्या हाताची, कमरेची कातडी भाजली, पण तिने हंडा खाली ठेवला नाही. आणि त्या उबेबरोबर तांब्यातून काहीतरी पाझरून तिच्या अंगात शिरू लागलं. प्रथम तिला एक वास आला. तेल आणि उटण्याचा. मग कुणाचे तरी हात दिसले, कोमट, तिच्या इवल्या टाळूवर तेल चोळणारे. एक वाकडी करंगळी कानामागून फिरली. वरून एक बाई हसत होती आणि ती स्वतःही, दात नसलेल्या तोंडाने, खिदळत होती. कुंतला चालता चालता थांबली. म्हातारी माणसं छातीत काहीतरी होतं म्हणत, ते हेच होतं.

आणि मग ओच्यातली बोटं तिला जाणवली.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने यापूर्वी कधी ऐकला नव्हता. हंडा तिच्या कमरेवरून खाली घसरला. टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडली, "टेकवू नको! टेकवू नको!" कुंतलेने हंडा छातीशी धरला आणि ती तशीच रडत उभी राहिली. मग चालू लागली.

आता तिला पुन्हा तो माळ ओलांडायचा होता.

"कुंतले!" मागून हाक आली. "मला खाली उतरव ना गं! मला भीती वाटते!"

जाताना जो वाऱ्याचा आवाज होता तो आता भावाचा होता. तिच्या मानेची शीर न् शीर मागे ओढ घेऊ लागली. समोर आई उभी होती, बोटं नसलेला हात पुढे करून. कुंतलेने आईच्या डोळ्यांवर नजर रोवली आणि ती मोठ्याने बोलू लागली, "दादा, मी वळणार नाही. मी तुला उतरवू शकत नाही. तू पडलास, दादा. तू केव्हाच पडलास." आईला ओलांडून गेल्यावरही हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. डोळ्यांतल्या पाण्याने पायाखालचं दिसेना, तेव्हा टिटवी पुढे धावत, आपल्या अंड्यांपाशी थांबून, पंख पसरून तिला वाट दाखवत गेली. माळ संपला तसा आवाज थांबला.

नदीने धुकं मिटून घेतलं होतं.

"या वेळी तुझ्याकडे आहे," नदी म्हणाली.

"एकच आहे."

"मला एकच लागतो."

कुंतलेने डोळे मिटले. तेलाचा वास, वाकडी करंगळी, वरून वाकलेला हसरा चेहरा. तिने ते सगळं एकदा शेवटचं पाहून घेतलं आणि म्हणाली, "घे."

पलीकडच्या काठावर पोचल्यावर आपण काहीतरी दिलं, एवढं तिला ठाऊक होतं. काय दिलं ते मात्र आठवेना.

ती नगरात शिरली तेव्हा पुन्हा दिवाळीच होती. अभ्यंगाच्या वेळी, रांगोळ्यांवरून, पणत्यांच्या ओळींमधून, भाजलेल्या हातांत हंडा घेऊन राजकन्या चालत गेली. लोकांनी पाहिलं आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले.

राजा भद्रसेन सभागृहात होता. हंडा पाहताच तो सिंहासनावरून उठला आणि मागे सरला.

"तो बाहेर ने."

"तुम्हाला उघडावा लागेल, महाराज."

"मी उघडणार नाही. तुला ठाऊक नाही त्यात काय आहे."

"मी तो इतके दिवस छातीशी धरून आणला आहे. मला ठाऊक आहे."

"मग तुला हेही ठाऊक असेल की मी प्रजेवर उपकार केले. यांच्या घरांत मुलं मरतात आणि यांना झोप लागते."

"कोष्ट्यांच्या आळीत एक म्हातारा मेला, महाराज. त्याच्या मुलांनी त्याला भिंतीशी सारलं आणि आंघोळी केल्या. त्याने जन्मभर त्यांना वाढवलं होतं."

 कुंतलेने हंडा एका हाताने आवळला, दुसऱ्या हाताने ओचा सोडला आणि ती दगडी बोटं राजासमोर पायरीवर ठेवली.

"हे काय आहे?"

"मी मोडली. किल्ली सुटेना म्हणून."

राजा वाकला. त्याने चारही बोटं एकेक करून पाहिली. करंगळी हातात घेतली. ती वाकडी होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून वाकडी झालेली ती करंगळी त्याने लग्नात धरली होती. त्याला काही वाटलं नाही. आणि आपल्याला काही वाटत नाही, हे त्याने पाहिलं. हातात बायकोचं तुटलेलं बोट आहे आणि आपण ते एखादी सुपारी पाहावी तसं उलटंसुलटं करून पाहतो आहोत, हे त्याने पाहिलं. त्याला भय वाटलं. कोष्ट्यांच्या अंगणात कुंतलेला वाटलं होतं, तेवढंच.

"दुखेल का?" त्याने विचारलं.

"हो, बाबा."

राजाने किल्ली घेतली. मुलीच्या कडेवर असलेल्या हंड्याला ती लावली आणि फिरवली.

झाकण उडालं. आतून धूर आला नाही, उजेड आला नाही. राजा फक्त खाली बसला आणि म्हणाला, "अंशुमान." मग त्याने हाक मारली. मग तो ओरडला. त्याचे केस पाहता पाहता पांढरे झाले. जे त्याच्या एकट्याचं होतं ते त्याला पुरून उरलं असतं, पण त्यावर साऱ्या नगराचं आलं. सगळ्या वर्षांच्या सगळ्या मरणांचं दुःख आधी त्याच्यावर कोसळलं आणि त्याच्यातून नगरात वाहत गेलं.

घराघरांतून आक्रोश उठला. करंज्या तळणाऱ्या बाईच्या हातून झारा पडला, तिला आपलं बाळ आठवलं. न्हाऊन आलेले पुरुष ओल्या अंगाने रस्त्यावर बसले. कोष्ट्यांच्या आळीतले ते दोघे भाऊ स्मशानाकडे धावत सुटले. तिथे आता काही नव्हतं, राखही नव्हती. त्यांनी जमीन उकरली. मुलांना काय होतंय ते कळेना, ती आईबापांना धरून भेदरून रडू लागली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा राजा भद्रसेन मेला. रिकामा हंडा त्याने दोन्ही हातांनी कवटाळला होता. कुंतलेने तो सोडवला नाही. हंड्यासकट त्याला अग्नी दिला.

पाडव्याच्या दिवशीही नगर रडत होतं. भाऊबीजेला एका घरी बहिणीने सुजल्या डोळ्यांनी भावाला ओवाळलं आणि त्याच्यापुढे जळलेली कडबोळी ठेवली. भावाने एक चावून पाहिली. "ताई, तू मला मारायला बोलावलंस का गं?" तो म्हणाला. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ते आवरेना. ती भिंतीला धरून हसू लागली. सगळी आळी थबकून ऐकू लागली. तरुण मुलं दारांशी जमली, काही तर घाबरली, हा कसला आवाज म्हणून. एका म्हातारीने टाळी वाजवली. "हेच! हेच ते! मी सांगत होते ना!"

हंडा उघडला त्याच क्षणी माळावरच्या दगडांची पुन्हा जिवंत माणसं झाली होती. त्यांच्या माना सरळ झाल्या आणि ती आपापल्या गावांकडे चालू लागली. टिटवीची अंडी फुटली, पिल्लं खड्यांतून धावत सुटली. राणी वनमालाही जागी झाली. उजव्या हाताला चिंधी बांधून, दिवसामागून दिवस चालत ती नगरात आली.

वेशीवर कुंतला उभी होती. आईने तिला ओळखलं. पाळण्यात सोडलेली मुलगी तिने चेहऱ्यावरून ओळखली. कुंतला तिच्या पायाशी बसली.

"ही बोटं मी मोडली, आई."

"ठाऊक आहे. दगडालाही दिसत असतं." राणीने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "महाराज?"

"गेले."

"कसे गेले?"

"रडत."

राणीने डोळे मिटले. "बरं झालं," ती म्हणाली. मग त्या दोघी एकमेकींना धरून वेशीतच बसल्या.

कुंतला गादीवर बसली. तिने न्यायाने राज्य केलं. माणूस मेलं की तिच्या नगरात रडणं ऐकू येई, बारसं असलं की गाणं.

वर्ष फिरलं आणि दिवाळी आली. राजवाड्याला वर्षभराचा दुखवटा होता, तिथे एक दिवाही लागला नाही. त्यात हा अंशुमान गेला तो दिवस. राणी वनमाला पहाटेपासून खिडकीशी बसून रडत होती. खाली नगरात मात्र गलका उसळला होता. पोरं किंचाळत होती, ढोल वाजत होते, कुणी कुणाच्या अंगावर पाणी उडवत होतं.

कोतवाल आत आला आणि कुंतलेपुढे हात जोडून उभा राहिला. "महाराणी, वाड्यात दुखवटा आहे आणि लोकांना भान नाही. हुकूम द्या, गप्प करतो."

कुंतलेने आईकडे पाहिलं. बाहेर कुणी लहान मूल श्वास लागेपर्यंत हसत होतं. राणीचे खांदे हलत होते.

"आई," कुंतलेने विचारलं, "सोसेल का?"

 ते मूल पुन्हा हसलं.

"नाही सोसत," राणी म्हणाली. "खिडकी उघड."

कुंतलेने खिडकी उघडली. मग ती कोतवालाला म्हणाली, "वाड्याची सगळी दारं उघडा. त्यांना कुणी गप्प करायचं नाही." आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसून ती ऐकू लागली.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरी कुणी गेलं तर त्याच्यासाठी रडायला माणसं असोत, आणि सण आला तर हसायलाही तीच असोत.